समाजांच्या भांडणातले एकटे रवींद्रनाथ

१९०७ च्या नोव्हेंबर महिन्यात रवींद्रनाथ टागोरांना तातडीने मुंगेरला जावे लागले. त्यांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ पूजेच्या सुटीत मित्राच्या घरच्या मंडळींबरोबर तिथे गेला होता आणि तिथेच त्याला पटकीने गाठले होते. २३ नोव्हेंबरला तो गेला. त्याला अकरा वर्षेही पुरी झालेली नव्हती. बरोबर पाच वर्षांपूर्वी, १९०२ च्या २३ नोव्हेंबरलाच, त्याची आई मृणालिनीदेवी निवर्तली होती. मधल्या काळात, १९०३ मध्ये, मुलगी रेणुका क्षयाने गेली आणि १९०५ च्या जानेवारीत वडील देवेंद्रनाथ गेले.

रामानंद चट्टोपाध्याय यांच्या 'प्रवासी' या बंगाली मासिकात त्या वेळी रवींद्रनाथांची 'गोरा' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागून जेमतेम तीन महिने झाले होते. रामानंदबाबूंनी तिच्यासाठी तीनशे रुपये आगाऊ देऊन ठेवले होते. मुलाच्या मृत्यूनंतरही कादंबरीचा हप्ता चुकला नाही. पुढे सुमारे अडीच वर्षे महिन्यामागून महिना ती छापली जात राहिली आणि १९१० मध्ये ती पुस्तकरूपाने वाचकांच्या हाती आली. घरात माणसे उरली नाहीत म्हणून लेखणीत माणसे गोळा केली, असे याचे भाबडे स्पष्टीकरण देता येईल. पण 'गोरा' वाचताना ते पुरेसे वाटत नाही. ज्या भांडणावर ही कादंबरी उभी आहे, त्या हिंदू आणि ब्राह्मो यांच्यातल्या कलहाचा भर १८८० च्या आसपासचा. १९०७ मध्ये बंगाल वंगभंगाच्या आंदोलनाने पेटलेला असताना सेहेचाळीस वर्षांच्या लेखकाने पंचवीस वर्षांपूर्वीचे भांडण का उकरून काढावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या घराण्याच्या आणि त्यांच्या स्वतःच्या चरित्रात आहे.

जोडासांकोचे टागोर घराणे श्रीमंत होते, जमीनदार होते, ब्राह्मणही होते. पण त्यांच्या ब्राह्मण्याला डाग लागलेला होता. पूर्वजांचा मुसलमानांशी संसर्ग झाला, या कित्येक पिढ्यांपूर्वीच्या ठपक्यामुळे त्यांची गणना 'पिराली' ब्राह्मणांत होई. कुलीन ब्राह्मण त्यांच्या पंक्तीला बसत नसत, त्यांच्याशी सोयरीक करत नसत. घरातल्या मुलांसाठी वधू शोधायच्या त्या मोजक्या पिराली कुटुंबांतून. खुद्द रवींद्रनाथांचा विवाह १८८३ च्या डिसेंबरात झाला तो टागोरांच्याच जमीनदारीत नोकरीस असलेल्या वेणीमाधव रायचौधुरी यांच्या मुलीशी. ती तेव्हा दहा वर्षांच्या आसपासची होती. भवतारिणी हे तिचे माहेरचे नाव. सासरी ती मृणालिनी झाली.

या जुन्या एकटेपणावर देवेंद्रनाथांनी नव्या एकटेपणाची भर घातली. राजा राममोहन रॉय यांनी १८२८ मध्ये स्थापन केलेला ब्राह्मो समाज त्यांच्या पश्चात मरगळला होता. देवेंद्रनाथांनी १८४३ मध्ये दीक्षा घेऊन त्यात प्राण फुंकला. १८४६ मध्ये पिता द्वारकानाथ लंडनमध्ये वारले, तेव्हा मूर्तिपूजेचा अंश असलेले श्राद्ध करण्यास देवेंद्रनाथांनी नकार दिला. नातलगांनी पाठ फिरवली. एकाच वाड्यात राहणाऱ्या कुटुंबात देव आणि देवहीन अशी फाळणी झाली. श्राद्ध कोणी करायचे आणि कसे, हा प्रश्न टागोरांच्या घरात असा घुसला होता. साठ वर्षांनी 'गोरा'च्या शेवटच्या प्रकरणांत तो पुन्हा डोके वर काढतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

समाजसुधारणेचा इतिहास बहुधा सुधारक विरुद्ध सनातनी असा सांगितला जातो. बंगालमध्ये खरी कडू भांडणे झाली ती सुधारकांची सुधारकांशी. केशवचंद्र सेन या तरुणाला देवेंद्रनाथांनी मुलासारखे वाढवले. पण उपासना चालविणाऱ्या आचार्याने जानवे घालावे की नाही, या मुद्द्यावर दोघांत फाटले. १८६४ च्या वादळात समाजमंदिराची पडझड झाली आणि उपासना देवेंद्रनाथांच्या घरी होऊ लागली. तिथे जानवेधारी आचार्य पुन्हा वेदीवर बसले. केशवचंद्रांनी १८६६ मध्ये वेगळा समाज काढला. देवेंद्रनाथांचा समाज तेव्हापासून 'आदि' ब्राह्मो समाज म्हणून ओळखला जाऊ लागला. १८७२ मध्ये केशवचंद्रांच्या खटपटीने विवाहाचा नवा कायदा झाला. त्यानुसार लग्न करणाऱ्यांना आपण हिंदू नाही असे जाहीर करावे लागे. आदि समाजाला ते मान्य होणे शक्यच नव्हते. पुढे १८७८ मध्ये याच केशवचंद्रांनी स्वतःच्या अल्पवयीन मुलीचे लग्न कूचबिहारच्या महाराजांशी लावून दिले आणि त्यांचे अनुयायी संतापून बाहेर पडले. त्यांनी साधारण ब्राह्मो समाज स्थापला. पन्नास वर्षांत एका समाजाचे तीन समाज झाले. हे तिन्ही समाज मिळूनही बंगालच्या लोकसंख्येत मूठभरच होते.

रवींद्रनाथ या पडझडीच्या काळात वाढले. १८६१ मध्ये त्यांचा जन्म झाला. १८७३ मध्ये वडिलांनी त्यांची मुंज केली, तीही मूर्तिपूजा वगळून आणि उपनिषदांच्या आधारे. मग मुंडन केलेल्या त्या मुलाला घेऊन ते हिमालयात डलहौसीला गेले. ही मुंज कर्मठांच्या लेखी अपुरी आणि पुढारलेल्या ब्राह्मोंच्या लेखी अनावश्यक होती.

१८७८ मध्ये, कलकत्त्यात समाज फुटत असताना, सतरा वर्षांचे रवींद्रनाथ महाराष्ट्रात होते. वडीलबंधू सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेत गेलेले पहिले भारतीय; त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात होती. विलायतेला जाण्यापूर्वी धाकट्या भावाचे इंग्रजी सुधारावे म्हणून त्यांनी त्याला मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी ठेवले. आत्माराम पांडुरंग हे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे संस्थापक. त्यांची कन्या अन्नपूर्णा हिच्याशी रवींद्रनाथांची जी मैत्री झाली, तिच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने दुसरी गोष्ट दुर्लक्षित राहिली. हे घर ब्राह्मो विचारांशी जवळीक असलेले, पण ब्राह्मोंप्रमाणे हिंदू समाजापासून तुटून न निघालेले होते. प्रार्थना समाजाने जानवे तोडण्याची अट कोणाला घातली नाही. या सबुरीची किंमतही इथल्या सुधारकांनी मोजली. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहावरून ग्रामण्य माजले आणि न्यायमूर्ती रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. बंगालमध्ये माणूस समाजाबाहेर जाऊन एकटा पडे. महाराष्ट्रात तो समाजात राहून एकटा पडे, एवढाच काय तो फरक.

१८८४ मध्ये देवेंद्रनाथांनी तेवीस वर्षांच्या रवींद्रनाथांना आदि ब्राह्मो समाजाचे चिटणीस केले. त्याच वर्षी नव-हिंदू विचारांचे समर्थन करणाऱ्या बंकिमचंद्रांशी त्यांचा जाहीर वाद झाला. बंकिमचंद्र हे बंगाली साहित्याचे अनभिषिक्त सम्राट, आणि रवींद्रनाथांच्या काव्याचे पहिल्यापासूनचे कौतुक करणारे. वाद पुढे निवळला. पण हिंदू बाजूला हा तरुण ब्राह्मो वाटला आणि साधारण ब्राह्मोंना तो जानवे न सोडणाऱ्या जमीनदारांचा प्रतिनिधी वाटत राहिला, ही अवस्था काही निवळली नाही. त्यातच त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये वहिनी कादंबरीदेवींनी आत्महत्या केली होती. लहानपणापासूनची सर्वांत जवळची सोबत तुटली होती.

१८९० नंतरचे दशक त्यांनी मुख्यतः पद्मेच्या काठी, शिलाईदह आणि शहाजादपूर भागातली जमीनदारी सांभाळण्यात घालवले. तिथली बरीचशी रयत मुसलमान होती. कामाची सूत्रे हाती घेतली तेव्हा कचेरीत त्यांना एक चमत्कारिक व्यवस्था आढळली. मुसलमान कुळे बसायला आली की बैठकीचे जाजम एका बाजूने दुमडून ठेवलेले असे. ते दुमडलेले जाजम रवींद्रनाथांच्या मनातून कधी गेले नाही. म्हातारपणीच्या लेखनातही ते डोकावते.

असे असूनही नव्या शतकाच्या आरंभी रवींद्रनाथ जिकडे वळले, ते पाहून आजचा वाचक बुचकळ्यात पडेल. १९०१ मध्ये 'बंगदर्शन' मासिकाचे संपादकत्व त्यांच्याकडे आले आणि त्यांच्या निबंधांतून प्राचीन हिंदू समाजरचनेचे, वर्णाश्रमाचे गौरवगान सुरू झाले. त्याच वर्षी त्यांनी दोन मुलींची लग्ने उरकली. थोरली माधुरीलता पंधरा वर्षांचीही नव्हती आणि रेणुका तर दहा-अकरा वर्षांची होती. बालविवाहाविरुद्ध लिहिणाऱ्या लेखकाने हे केले. त्यापूर्वी, पुतण्या बलेंद्रनाथ १८९९ मध्ये वारल्यानंतर, त्याच्या तरुण विधवेचा पुनर्विवाह करण्याचे तिच्या माहेरच्यांनी योजले होते. देवेंद्रनाथांच्या आज्ञेवरून तो बेत मोडण्यासाठी अलाहाबादेला गेले ते रवींद्रनाथच, आणि ते तिला परत सासरी घेऊन आले. १९०१ च्या डिसेंबरात शांतिनिकेतनात ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. पुढच्याच वर्षी तिथे प्रश्न उभा राहिला की ब्राह्मण विद्यार्थ्यांनी ब्राह्मणेतर शिक्षकाच्या पाया पडावे काय. रवींद्रनाथांनी कौल दिला तो प्रचलित रूढीच्या बाजूने.

चरित्रकार या काळावरून बहुधा घाईने पुढे जातात. वास्तविक 'गोरा'ची जन्मकथा इथे आहे. परक्या सत्तेच्या तुच्छतेने दुखावलेला, म्हणून आपले जे जे आहे ते सर्व, त्यातल्या शिवाशिवीसह, छातीशी कवटाळणारा माणूस रवींद्रनाथांना कुठे बाहेर शोधावा लागला नाही. तो काही वर्षे त्यांच्यातच राहून गेला होता.

बाहेरही तो होताच. आश्रमाच्या उभारणीत त्यांचे पहिले सहकारी ब्रह्मबांधव उपाध्याय यांचे आयुष्य म्हणजे पंथांची यात्राच होती. मूळचे भवानीचरण बंद्योपाध्याय केशवचंद्रांच्या प्रभावाने ब्राह्मो झाले, नंतर प्रॉटेस्टंट ख्रिस्ती, मग कॅथलिक, आणि तरीही भगवी वस्त्रे नेसून स्वतःला हिंदू म्हणवणारे. 'संध्या' पत्रातून ते जहाल राजकारण करू लागले. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेऊन हिंदू समाजात पुन्हा प्रवेश केला आणि ऑक्टोबर संपता संपता, राजद्रोहाचा खटला चालू असतानाच, इस्पितळात त्यांचा अंत झाला. 'प्रवासी'त 'गोरा' सुरू झाली ती याच दिवसांत. कादंबरीच्या अखेरीस नायकाच्या प्रायश्चित्ताचा जो थाटमाट आहे, तो वाचताना तेव्हाच्या कलकत्त्यातल्या वाचकाला उपाध्याय आठवले नसतील, असे मानणे कठीण आहे. अभ्यासकांनी गोरामध्ये विवेकानंद आणि भगिनी निवेदिता यांच्याही छटा पाहिल्या आहेत.

दरम्यान राजकारणाने रवींद्रनाथांना ओढून नेले होते. १८९७ मध्ये टिळकांवर खटला झाला तेव्हा त्यांच्या बचावासाठी निधी जमवण्यात ते होते. १९०४ मध्ये सखाराम गणेश देऊस्कर या बंगालीत लिहिणाऱ्या मराठी माणसाच्या आग्रहाने त्यांनी शिवाजी उत्सवावर कविता लिहिली. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली, त्या दिवशी ते अनवाणी रस्त्यावर उतरले; वाटेत भेटेल त्याला, चितपूरच्या मशिदीतल्या मुसलमानांनाही, त्यांनी राखी बांधली. त्यांची गाणी मिरवणुकांतून गायली जात होती. इतके लोक त्यांच्याभोवती यापूर्वी कधी नव्हते.

आणि मग ते बाजूला झाले. विलायती कापडाच्या होळ्यांत गरिबांचे नुकसान होत होते. स्वस्त कापड विकू नये म्हणून मुसलमान दुकानदारांवर आणि शेतकऱ्यांवर जमीनदारांची माणसे जबरदस्ती करत होती. १९०७ च्या पूर्वार्धात कोमिल्ला आणि जमालपूर इथे दंगे झाले. दोष सगळा इंग्रजांच्या कारस्थानावर टाकून मोकळे होणे सोपे होते. रवींद्रनाथांनी लिहिले ते असे, की शत्रूला फट सापडली, कारण फट होतीच. आपण ज्याला भाऊ म्हणून हाक मारतो आहोत त्याला शतकानुशतके ओसरीवर बसू दिले नाही, मग आता तो हाकेला ओ का देईल, हा त्यांचा सवाल होता. स्वतः पाणी पिता यावे म्हणून आपल्या मुसलमान सहकाऱ्याला ओसरीवरून खाली उतरायला सांगणाऱ्या एका स्वदेशी प्रचारकाची हकीकत त्यांनी पुढे एका लेखात नोंदवून ठेवली आहे. कालपर्यंत डोक्यावर घेणाऱ्यांनी त्यांना पळपुटे ठरवले. फेब्रुवारी १९०८ मध्ये पाबना येथील प्रांतिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेही जहाल आणि मवाळ या दोघांनाही चालेल असा दुसरा कोणी उरला नव्हता म्हणून. दोघांना चालणारा माणूस दोघांचाही नसतो.

'गोरा' लिहिणारे रवींद्रनाथ हे असे होते. पत्नी, दोन मुले आणि वडील गेलेले, आंदोलन सोडलेले, स्वतःच्या पाच-सहा वर्षांपूर्वीच्या मतांपासूनही दूर आलेले.

कादंबरीतला गोरा म्हणजे गौरमोहन. उंच, धिप्पाड, विलक्षण गोरा, घणाघाती आवाजाचा. एके काळी ब्राह्मो सभांना जाणारा हा तरुण, एका मिशनऱ्याने हिंदू धर्माची निंदा केल्यावर उलट टोकाला जातो. कपाळी गंध लावतो, गंगास्नान करतो, आणि आईच्या खोलीत पाणी पीत नाही, कारण तिथे लछमिया ही ख्रिस्ती दासी वावरते. याच लछमियेने त्याला लहानाचे मोठे केलेले असते. आई आनंदमयी ते निमूट सोसते. तिने सोवळेओवळे केव्हाच सोडले आहे. का सोडले, ते वाचकाला लवकरच कळते, गोराला मात्र कळत नाही. १८५७ च्या धामधुमीत इटावा इथे एका आयरिश बाईने तिच्या घरी रात्री आसरा घेतला, मुलाला जन्म दिला आणि ती मेली. तेच हे मूल. त्याला कुशीत घेतल्या क्षणी आनंदमयीची जात गेली.

परेशबाबूंचे ब्राह्मो घर ही कादंबरीची दुसरी बाजू. तिथे सभ्यता आहे, शिकलेल्या मुली आहेत, आणि त्या मुलींचे प्रदर्शन मांडणारी वरदासुंदरीही आहे. हारानबाबू हा त्या समाजाचा स्वयंघोषित पहारेकरी. कोणाचे वर्तन ब्राह्मो आहे आणि कोणाचे नाही, याची उस्तवार करण्यात त्याचे आयुष्य चालले आहे. परेशबाबूंनी वाढवलेल्या सुचरितेशी त्याचे लग्न ठरल्यातच जमा आहे. पुढे तिची मावशी हरिमोहिनी, कर्मठ विधवा, घरात येते आणि हारानबाबू जे ब्राह्मोपणाच्या नावाने करतो तेच ही सोवळ्याच्या नावाने करू लागते. दोघांनाही सुचरिता हवी आहे ती आपल्या गोटातली एक खूण म्हणून.

गोरा खेड्यात जातो तो भाग या कादंबरीत सर्वांत बळकट आहे. चर-घोषपूर या गावात निळीच्या कारखानदाराशी टक्कर घेणाऱ्या मुसलमान शेतकऱ्यांवर पोलिसांनी कहर मांडला आहे. गावातल्या एका हिंदू न्हाव्याने तुरुंगात गेलेल्या मुसलमान पुढाऱ्याचा मुलगा आपल्या घरी ठेवून घेतला आहे. गोराला तहान लागली आहे, पण असल्या घरचे पाणी कसे प्यायचे? जवळच कारखान्याचा ब्राह्मण कारभारी राहतो; तिथे सोवळ्यात सोय होईल. तो चालू लागतो आणि वाटेत त्याला उमगते, की गरिबांना छळणाऱ्याच्या घरचे अन्न पवित्र आणि त्यांना आसरा देणाऱ्याच्या घरचे अपवित्र, असा हा हिशेब आहे. तो उलट फिरतो आणि न्हाव्याच्या घरी जेवतो. पुढे पोलिसांशी झटापट होऊन त्याला एक महिन्याची सजा होते. तुरुंगातून सुटल्यावर तो अधिक मोकळा होईल असे वाटते, तर घडते उलट. न्हाव्याच्या दारी जो अनुभव आला त्याला तो घाबरतो आणि प्रायश्चित्ताच्या तयारीला लागतो.

त्याचा जिवलग मित्र विनय आणि परेशबाबूंची मुलगी ललिता यांच्या लग्नाने दोन्ही समाजांची परीक्षा होते. विनयने ब्राह्मो दीक्षा घ्यावी असा ब्राह्मोंचा आग्रह, आणि घेतलीस तर तू आम्हाला मेलास हा गोराचा. विनय दीक्षेला तयार होतो, तेव्हा ललिताच त्याला अडवते. माझ्यासाठी तू स्वतःला लहान करून घ्यायचे नाहीस, ही तिची भूमिका. अखेर शाळिग्राम वगळून हिंदू पद्धतीने लग्न होते. देवेंद्रनाथांच्या घरातल्या कितीतरी कार्यांची ही सही सही प्रतिकृती आहे. गोरा लग्नाला येत नाही. आनंदमयी पुढाकार घेऊन ते पार पाडते. परेशबाबूंवर त्यांचा समाज बहिष्कार टाकतो, आणि त्यांच्या घरात, बायकोच्या समोरही, ते परके होऊन बसतात.

परेशबाबू, आनंदमयी आणि गोरा ही तीन माणसे तीन तऱ्हांनी एकटी आहेत. परेशबाबू कोणत्याही गोटात मावत नाहीत म्हणून एकटे. आनंदमयीने एका मुलासाठी जात सोडली आणि तोच मुलगा जातीच्या नावाने तिच्या हातचे पाणी नाकारतो म्हणून ती एकटी. गोराभोवती सतत माणसे असतात, अनुयायी असतात. पण देशाशी एकरूप होण्याच्या ज्या आचारांना तो चिकटतो, तेच आचार त्याला प्रत्येक जिवंत माणसापासून, मित्रापासून, प्रिय स्त्रीपासून, आईपासून दूर ढकलतात. प्रायश्चित्ताच्या दिवशी कृष्णदयाल आजारी पडतात आणि आपल्या श्राद्धाला गोराचा हात लागू नये या भीतीने सत्य सांगून टाकतात. ज्या मंदिराच्या रक्षणासाठी तो उभा होता, त्याची सगळी दारे एका क्षणात त्याला बंद होतात. आणि नेमके तेव्हा त्याला हलके वाटते. तो प्रवासाला निघण्याच्या तयारीत असलेल्या परेशबाबूंकडे जातो, सुचरितेचा हात हाती घेतो, आणि घरी परतून आईला म्हणतो की लछमियाला पाणी आणायला सांग.

दोष काढायचेच तर काढता येतील. वादविवाद लांबतात; हारानबाबू अनेकदा व्यंगचित्र होऊन राहतो; आणि मुसलमान माणसे चर-घोषपूरच्या पलीकडे कादंबरीत फारशी येतच नाहीत. रवींद्रनाथांना दिसलेली फट त्यांच्या कादंबरीलाही पूर्ण बुजवता आली नाही. 'प्रवासी'चे संपादक रामानंदबाबू स्वतः साधारण ब्राह्मो समाजाचे होते, आणि हारानबाबूला त्यांनी आपल्या मासिकात अडीच वर्षे जागा दिली, हे मात्र त्यांच्या खात्यावर मांडले पाहिजे.

कादंबरी संपत आली तेव्हा, जानेवारी १९१० मध्ये, रवींद्रनाथांनी आपला मुलगा रथींद्रनाथ याचे लग्न प्रतिमादेवी या बालविधवेशी लावून दिले. टागोर घराण्यातला हा पहिला विधवाविवाह. दहा वर्षांपूर्वी अलाहाबादेहून एका विधवेला परत घेऊन येणारे हेच गृहस्थ होते. मात्र यामुळे ते पुढारलेल्या ब्राह्मोंचे झाले असे नाही. १९११ च्या जनगणनेच्या वेळी ब्राह्मो हे हिंदू की निराळे, हा वाद पुन्हा पेटला, आणि रवींद्रनाथांनी ठामपणे लिहिले की ब्राह्मो हे हिंदूच होत. साधारण समाजातले ज्येष्ठ बिथरले. १९१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, जग त्यांना ओळखू लागले. तरी १९२१ मध्ये त्यांना साधारण ब्राह्मो समाजाचे सन्माननीय सभासद करावे की नाही यावर त्या समाजात जोराची लढाई झाली. प्रशांतचंद्र महालनोबिस या तरुण शास्त्रज्ञाने, रवींद्रनाथ आम्हाला का हवेत, या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. अखेर तरुणांचा पक्ष जिंकला. ज्या वर्षी हे घडले त्याच वर्षी रवींद्रनाथ असहकाराच्या प्रश्नावर गांधीजींशी मतभेद जाहीर करून देशाच्या मुख्य प्रवाहापासून पुन्हा एकदा बाजूला झाले होते.

'गोरा'चा शेवट मुळात असा नव्हता. भगिनी निवेदिता १९०४ च्या सुमारास शिलाईदहला आल्या असताना त्यांच्या आग्रहाखातर रवींद्रनाथांनी ही गोष्ट तोंडी सांगितली होती. त्या वेळच्या गोष्टीत गोरा परदेशी रक्ताचा आहे हे कळताच सुचरिता त्याला नाकारते. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि भारताला सर्वस्व वाहिलेल्या निवेदिता हे ऐकून भडकल्या; हिंदू स्त्रीवर हा अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. लिहिताना रवींद्रनाथांनी शेवट बदलला. निवेदिता १९११ मध्ये दार्जिलिंगला वारल्या. रवींद्रनाथांनी ही हकीकत १९२२ मध्ये विली पिअर्सन या आपल्या इंग्रज सहकाऱ्याला पत्राने कळवली. पिअर्सन शांतिनिकेतनात शिकवत आणि 'गोरा'चा इंग्रजी अनुवाद त्यांचाच. १९२३ मध्ये इटलीत धावत्या आगगाडीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. अनुवादाचे पुस्तक पुढच्या वर्षी लंडनच्या मॅकमिलन कंपनीने प्रसिद्ध केले.